पाचवी चिमणी

(शास्त्रभाग : मत्तय ६:२६, लूक १२:६, ७)



गेल्या कार्तिकात माळावरील आपल्या एका लहान मंडळीत उपकारस्तुतीच्या सणानिमित्त माझे जाणे झाले. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. उपदेशासाठी मी जो शास्त्रभाग निवडला होता तो आपणां सर्वांच्या परिचयाचा, म्हणजे डोंगरावरील प्रवचनात प्रभूने आकाशातील पाखरांविषयी जे सांगितले तो होता. उपासना आटोपली, मंडळीने आणलेल्या बाजरीचा, भोपळ्यांचा व कोंबड्यांचा लिलाव झाला, आणि आम्ही कडुनिंबाखाली बसलो असता शब्बाथशाळेतील दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा गळ्यात गलोल अडकवून माझ्यापुढे येऊन उभा राहिला. त्याच्या हाती सुतळीत ओवलेले सहा होले होते. "पाळकसाहेबांसाठी," एवढेच तो बोलला. मी हसलो, त्याच्या नेमाची वाखाणणी केली, आणि रात्री भाकरीबरोबर ते होले मी खाल्लेही.

वाढावयास मंडळीतील सर्वांत वृद्ध बाई होती. तिने माझ्या ताटात वाढता वाढता अगदी सहज विचारले, "पाळकसाहेब, सकाळच्या पारी तुमी सांगितलं, पाखरांस्नी देवबाप खाऊ घालतो. मग त्यानं सांभाळलेलं आपून मारलं, ह्याचा जाब कुनी द्यायचा?" ह्यात उपहास मुळीच नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यावयाचे होते. मी काहीतरी उत्तर दिले, परंतु ते उत्तर नव्हते हे तिलाही कळले व मलाही कळले. पहाटे जाग आली तेव्हा देवळाच्या मागील बाभळीत रोज घुमणारे होले घुमत नव्हते.

हा उपदेश म्हणजे त्या माउलीस मी देऊ लागलेले उशिराचे उत्तर होय.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करितो, जेणेकरून कोणाच्या विवेकाला विनाकारण टोचणी लागू नये. मांस खाणे हे पाप आहे असे मी शिकवीत नाही. जलप्रलयानंतर देवाने नोहाला काय मोकळीक दिली व यापो येथे पेत्राला कोणता दृष्टांत झाला, हे आपण जाणता. परंतु ज्या नवव्या अध्यायात नोहाला ती मोकळीक मिळाली, त्याच अध्यायात थोडे पुढे वाचा. देवाने जो करार केला तो केवळ नोहाशी व त्याच्या संतानाशी केला नाही, तर तारवातून बाहेर आलेल्या पाखरांशी, गुरांशी व वनपशूंशीही केला. ज्याच्याशी आपल्या धन्याने करार केला आहे, त्याच्याशी चाकराने कसे वागावे, हा प्रश्न उरतोच.

आता प्रभूच्या शब्दांकडे वळू. आपण हे वचन बहुतकरून चिंतेच्या निवारणासाठी वाचतो आणि ते योग्यच आहे. पण वाचताना त्यातील पहिली आज्ञा गिळून टाकतो. ती आज्ञा "चिंता करू नका" ही नव्हे; ती तर मागील ओळीत येऊन गेली. येथील आज्ञा पाहण्याची आहे. सेमिनरीत असताना आमचे ग्रीकचे गुरू ह्या ठिकाणी थांबत असत. मत्तयाने येथे जे क्रियापद घातले आहे त्याचा अर्थ वरवर दृष्टी टाकणे असा नसून टक लावून, निरखून पाहणे असा आहे. लूकाच्या बाराव्या अध्यायात कावळ्यांविषयी तोच बोध आहे, आणि तेथे तर मनाने ध्यानात घेणे, विचार करणे, असा शब्द आहे. म्हणजे प्रभू येथे आपणांस एक काम सांगत आहे. ज्याने पाखरू कधी दोन घटका निरखून पाहिले नाही, त्याने ह्या वचनावर कितीही उपदेश ऐकला असला तरी त्याची आज्ञा पाळली नाही. मी स्वतः वीस वर्षे ह्या वचनावर उपदेश करीत आलो, आणि होल्याच्या मानेवर तांबूस रंगात काळ्या ठिपक्यांची नक्षी असते हे मला तो सुतळीत ओवलेला असताना प्रथम दिसले.

निरखून पाहिले म्हणजे काय होते, ह्याचे एक उदाहरण देतो. आपल्यातील एखादा आळशी बंधू ह्या वचनाचा आधार घेऊन म्हणतो, "पाखरे पेरीत नाहीत, कापीत नाहीत, तरी त्यांचे चालते, मग मीच का राबावे?" त्या बंधूस आषाढात एखाद्या विहिरीवर झुकलेल्या बाभळीखाली नेऊन बसवावे. तेथे सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबत असतात. गवताच्या पात्यांचे व सिंदीच्या पानांचे बारीक दोर काढून, एकेक चोचीने ओवून, सकाळपासून सायंकाळपर्यंत हे विणकाम चालते. आपल्याकडे लोक समजतात की घरटे मादी विणते. नावही तसेच पडले आहे. पाहणाऱ्याला दिसते ते निराळे. विणतो तो पिवळ्या डोक्याचा नर. घरटे अर्ध्यावर आले म्हणजे मादी येते, आत शिरून पाहते, आणि पसंत पडले नाही तर निघून जाते; मग नर बापडा पुन्हा नवे घरटे आरंभितो. देवबाप पाखरांस खाऊ घालतो हे खरे, परंतु तो त्यांच्या घरट्यात दाणे आणून टाकीत नाही. प्रभूने चिंता करण्यास मना केले, कष्ट करण्यास नव्हे. आणि हा भेद ग्रंथापेक्षा बाभळीखाली लवकर उमगतो.

हे काम आपल्या मंडळ्यांस नवे नाही, हे सांगितल्यास कित्येकांस आश्चर्य वाटेल. आपल्या नेवासे तालुक्यातील वडाळे येथे गेल्याच्या आधीच्या शतकात रेव्हरंड सॅम्युएल बेकन फेअरबँक हे अमेरिकन मराठी मिशनचे उपदेशक काम करीत होते. सुवार्तेसाठी गावोगाव फिरताना त्यांनी पाखरांची टिपणे ठेविली, आणि खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव व अहमदनगर ह्या भागांत आढळलेल्या पक्ष्यांची त्यांची यादी १८७६ साली 'स्ट्रे फेदर्स' नामक नियतकालिकात छापून निघाली. त्या नियतकालिकाचे संपादक ॲलन ह्यूम, म्हणजे पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच गृहस्थ. दक्षिणेतील पळणी डोंगरातील एका गाणाऱ्या पाखरास तर १८६९ साली फेअरबँकसाहेबांचेच नाव देण्यात आले आणि ते आजही शास्त्रीय ग्रंथांत चालू आहे. त्या काळी पक्षी ओळखावयाचा तो बंदुकीने पाडून, अशीच विद्वानांची रीत होती. तीत आपण त्यांचे अनुकरण करण्याचे कारण नाही. दुर्बीण व वही एवढ्यावर आता भागते, आणि दुर्बीण नसली तरी वहीवर भागते.

आता माळाकडे येतो, कारण माझे मन तेथेच गुंतले आहे.

कर्जत, श्रीगोंदे, करमाळा ह्या भागांतील आपल्या बंधूंना माळ म्हणजे काय हे सांगावयास नको. कुसळी गवत, मुरूम, मधून मधून बाभूळ व बोर. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर त्यातील पुष्कळशा जमिनीस 'पोटखराबा' म्हणतात, म्हणजे लागवडीच्या दृष्टीने निरुपयोगी. ह्या निरुपयोगी जमिनीवर धनगराची मेंढरे जगतात, काळवीट जगतात (कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० साली त्यांच्यासाठी लहानसे अभयारण्य झाले), चंडोल, धाविक व टिटव्या जगतात. आणि ह्याच माळावर माळढोक जगत होता. उभा राहिला तर मनुष्याच्या कमरेच्या वर येणारा, नर चौदा-पंधरा किलोंपर्यंत भरणारा, उडू शकणाऱ्या पाखरांत जगातील अत्यंत वजनदार पाखरांपैकी एक. आपल्या आजोबांनी तो सहज पाहिला असेल. आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? १९६९ च्या सुमारास सबंध देशात सुमारे १,२६० माळढोक असावेत असा जाणकारांचा अंदाज होता. आज दीडशेहूनही कमी उरले आहेत आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. सोलापूरजवळ नान्नज येथे, जेथे लोक मुद्दाम तो पाहावयास येत, तेथे आता क्वचित एखादा दिसला तर ती वर्तमानपत्राची बातमी होते.

ईयोबाच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात शहामृगाविषयी असे सांगितले आहे की ती आपली अंडी उघड्या भुईवर टाकते व कोणाचे पाऊल त्यांवर पडेल ह्याचे भान तिला नसते. माळढोकाची मादीही भुईवरच अंडे घालते, आणि बहुधा एकच घालते. एवढे मोठे पाखरू, आणि वर्षाचा सगळा भरवसा मुरमावरील एका अंड्यावर! त्यावर मेंढराचे खूर पडते, कुत्रे येते, नांगर फिरतो. माळ फोडून पाणी आणले, ऊस लावला. गवत गेले तसे पाखरू गेले. उरलेली पाखरे विजेच्या तारांना आदळून मरतात, कारण माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंस असल्यामुळे उडताना समोरची तार त्यास वेळेवर दिसत नाही.

मी हे एका मंडळीत सांगत असता एक शेतकरी बंधू मध्येच उठून म्हणाला, "पाळकसाहेब, त्या पाखरापायी आमची जमीन इकता आली न्हाई, पोरीचं लगीन अडलं. तुमी पाखराची बाजू घेता?" त्याचे बोलणे मी येथे मुद्दाम लिहितो, कारण ते खोटे नाही. १९७९ साली सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत जे माळढोक अभयारण्य जाहीर झाले ते ८,४९६ चौरस किलोमीटरांचे होते. त्यात कित्येक गावे, शेते व वस्त्या सापडल्या आणि खरेदी-विक्रीवर निर्बंध आले. २०१२ साली ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणण्यात आले. मधल्या तेहतीस वर्षांत ज्या गरिबांची कामे अडली, त्यांचा राग पाखरावर निघाला. नकाशावर रेघ ओढणाऱ्याने तेथे कोण राहतो हे निरखून पाहिले नाही, असे माझे मत आहे. न पाहण्याचे पाप दोन्हीकडून घडते. कोणी पाखराला पाहत नाही, कोणी मनुष्याला पाहत नाही.

त्या बंधूस मी म्हणालो की प्रभूने तुझी बाजू आधीच घेतली आहे. पुष्कळ चिमण्यांपेक्षा तुमचे मोल अधिक आहे, असे त्याचेच सांगणे आहे. परंतु तो ते कसे सांगतो पाहा. चिमण्यांना मोल नाही, म्हणून तुम्हांला आहे, असे तो म्हणत नाही. चिमणीची मोजदाद स्वर्गात होते, मग तुमची किती अधिक होत असेल, असा त्याचा तर्क आहे. पहिली गोष्ट खोटी ठरविली तर दुसरीला आधारच उरत नाही. आपण चिमणीला कवडीमोल ठरवू लागलो की नकळत आपल्याच सांत्वनाच्या पायाचा दगड काढू लागतो.

येथे पाचव्या चिमणीकडे लक्ष द्या. मत्तय सांगतो की एका पैशास दोन चिमण्या मिळत. ह्या भावाने दोन पैशांस चार आल्या पाहिजेत. लूक म्हणतो, दोन पैशांस पाच. म्हणजे पाचवी कशी आली? बाजारात भाजी घेताना शेवटी मूठभर कोथिंबीर वर टाकतात ना, तशी ती वर टाकलेली होती. तिची किंमतच झाली नाही. हिशेबाच्या वहीत ती नाही. आणि प्रभू म्हणतो की त्यांतील एकीचाही देवाला विसर पडत नाही. त्या एकीत ही पाचवीही आलीच. नासरेथच्या त्या सुताराने बाजारात उभे राहून गरिबांची ही खरेदी पाहिली असली पाहिजे, त्याखेरीज हा भाव त्यास कसा ठाऊक असणार?

बंधुजनहो, आमच्या वाडवडिलांचे नाव गावाच्या हिशेबात असेच वर टाकलेले होते, हे आपण विसरत नाही. गावकीत त्यांच्याकडे मेलेली ढोरे ओढण्याचे काम होते. ढोर माळावर नेऊन टाकले की एका बाजूस आमचे आजोबा व दुसऱ्या बाजूस गिधाडे. १९२७ साली महाड येथे डॉक्टर आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडून देण्याविषयी लोकांस कळकळीने सांगितले, आणि आपल्या लोकांनी ते काम व ते अन्न टाकले, हे फार चांगले झाले. परंतु गिधाड आपले काम करीत राहिले. तेही अमंगल, तेही ओंगळ, त्याचे नावही शिवी म्हणून वापरावयाचे. सुमारे १९९० नंतर ते एकाएकी दिसेनासे होऊ लागले. २००४ साली त्याचे कारण उघडकीस आले. जनावरांस दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचे औषध टोचीत. ते औषध अंगात असताना जनावर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होऊन ते मरते. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत हजारांत एक अशी उरली. मग माळावर ढोरे कुजू लागली, भटकी कुत्री माजली. ज्याला कोणी मोजीत नव्हते, तो गेल्यावर त्याच्या कामाची मोजणी झाली.

येथे उपदेशकबंधूंस एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवितो. जनावरांसाठी हे औषध सरकारने २००६ साली बंद केले, आणि त्याच जातीची केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक ही औषधे २०२३ साली बंद केली. मेलोक्सिकॅम हे औषध गिधाडांस अपायकारक नाही. आपल्या मंडळीतील कोणाची म्हैस वा बैल आजारी पडला आणि डॉक्टर आले, तर हे नाव त्यांस नम्रपणे सांगावे. ह्यास एक पैसाही लागत नाही. तसेच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे होला, तितर, लावा ह्यांसारखी रानपाखरे मारणे किंवा जाळ्यात धरणे हा गुन्हा आहे, हेही मुलांस व मोठ्यांस सांगितले पाहिजे. मी स्वतः ते खाऊन बसलो, म्हणून सांगावयास मला लाज वाटते, तरी सांगतो.

आता कोणी विचारील की पाहावयाचे म्हणजे करावयाचे काय? अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानशी आज्ञा आहे. वाटेत पाखराचे घरटे आढळले आणि आई अंड्यांवर किंवा पिलांवर बसलेली असली, तर तीस धरू नये, तीस जाऊ द्यावे. नियमशास्त्रात याहून हलकी आज्ञा शोधून सापडणार नाही. आणि हिला जोडलेले अभिवचन कोणते? कल्याण व दीर्घायुष्य. म्हणजे आईबापांचा मान राखण्याच्या थोर आज्ञेला जोडलेले तेच. देवाने एवढ्याशा आज्ञेला एवढे मोठे वेतन का ठेविले असावे, ह्याचा विचार मी पुष्कळ दिवस करीत आहे. ही आज्ञा मोडली तर पाहणारे कोणी नसते. वाटेवर तुम्ही आणि ती आई एवढेच असता, म्हणून तर नसेल?

ज्या उपदेशकांना शब्बाथशाळेसाठी काही करावयाचे आहे त्यांनी असे करावे. ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा आपल्या राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळितात. पहिला दिवस सोलापूरचे अरण्यविद्यावंत मारुती चितमपल्ली ह्यांच्या जन्माचा व शेवटचा सालिम अली ह्यांच्या जन्माचा. आपले उपकारस्तुतीचे सण त्याच सुमारास येतात. त्या आठवड्यात एक दिवस सूर्योदयास मुलांना माळावर न्यावे, अर्धा तास बोलू देऊ नये, आणि जे जे पाखरू दिसेल त्याचे गावात चालणारे नाव व संख्या वहीत लिहावी. नाव ठाऊक नसेल तर मंडळीतील म्हाताऱ्या माणसांस विचारावे. जी नावे त्यांस येतात ती पुस्तकांतही सर्व सापडत नाहीत, आणि ती माणसे आपल्यांतून जात आहेत. फेब्रुवारीच्या मध्यावरही शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस देशभर पाखरांची मोजणी होते, आणि त्यांत रविवार येतो. उपासनेच्या आधी पंधरा मिनिटे देवळाच्या आवारात मोजणी केली तर शब्बाथाचा भंग होईल असे मला वाटत नाही. स्तोत्रकर्त्याने परमेश्वराच्या वेदीपाशी चिमणीस घर सापडल्याचे गाइले आहे. आपल्या देवळाच्या पत्र्याखाली आज चिमणी आहे की नाही, हे तरी आपणांस ठाऊक असावे.

त्या मुलाविषयी लिहून थांबतो. कार्तिकात मी त्याला काही बोललो नाही. बोलण्याचा अधिकार मी ताटावर घालवून बसलो होतो. चैत्रात पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा त्यालाच बोलावून म्हटले, "बाळ, त्या दिवशी तुझी वाखाणणी केली ती माझी चूक झाली." तो गप्प राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "साहेब, एक दावू?" आणि मला माळावर घेऊन गेला. बरेच अंतर चालल्यावर एक टिटवी ओरडत आमच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. मुलाने मला हात धरून थांबविले. समोर दहा पावलांवर मुरमात चार अंडी होती, मातीच्याच रंगाची. त्याने बोट दाखविले नसते तर मी त्यांवर पाय दिला असता. भोवती कोणीतरी मोठमोठे धोंडे गोल मांडून ठेविले होते. मी विचारले, हे कोणी मांडले? तो म्हणाला, "बैलांचा पाय पडंल म्हणून. आजीनं सांगितलं."

आजी म्हणजे तीच, त्या रात्री वाढणारी. टिटवीचे ओरडणे थांबेना, तेव्हा मुलगा म्हणाला, "चला साहेब, ती भ्याली," आणि आम्ही परत फिरलो.